राईच्या उंबऱ्यावर सहा दिवस

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी एक विद्यार्थिनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवरायांमध्ये, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांमध्ये, कायमची अभ्यासक्षेत्रे आखण्यासाठी गेलो होतो. अभ्यासक्षेत्र म्हणजे राईच्या आत आखलेला वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असा चौकोन. त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा आणि पाच वर्षांनी परत येऊन तीच झाडे पुन्हा मोजायची, म्हणजे राई वाढते आहे की खंगते आहे ते कळते. मोजणी हे दीड दिवसाचे काम होते. उरलेले सगळे दिवस मोजण्याची परवानगी मिळवण्यात गेले. शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे. ज्या गावातल्या राईत आम्ही काम केले त्या गावाचे नाव मी कुठेही देणार नाही. परवानगीच्या अटींपैकी ती एक आहे.

पहिला दिवस : पुणे ते सावंतवाडी

पहाटे पाचला निघून कोल्हापूर, आजरा करत दुपारी आंबोलीत पोहोचलो. पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली होती, धुके मात्र दुपारीही हटले नव्हते. वाटेत हिरण्यकेशीच्या देवळापाशी मुद्दाम थांबलो. इथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाचे वर्णन २०२० साली नवी जात म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याला नदीचेच नाव मिळाले : शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढल्याच वर्षी देवळाभोवतालचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. देवाच्या आश्रयाने टिकलेल्या जिवांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाने पहिले पाऊल तिथे ठेवावे, असे मला वाटले. विद्यार्थिनी कुंडाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. मासा दिसला नाही, पण पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

रात्री सावंतवाडीत काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे आणि सोलकढी असे जेवण झाले. खानावळीच्या मालकीणबाईंनी वाढता वाढता चौकशी केली, "खयसून इलास?" देवरायांचे काम आहे म्हटल्यावर त्या लगेच गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "मगे आधी देवाक इचारा." पुढले पाच दिवस हेच वाक्य आम्हाला वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येणार होते.

दुसरा दिवस : जमीन कोणाची?

आमच्याजवळ वनविभागाला दिलेला अर्ज, त्याचे उत्तर आणि महाविद्यालयाचे पत्र असे सगळे कागद होते. पण तलाठ्यांनी सातबारा समोर ठेवला तेव्हा लक्षात आले, की अर्जात आम्ही लिहिलेला सर्व्हे नंबर राईला लागून असलेल्या जंगलाचा होता, राईचा नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती. घरी बसून नकाशावरची हिरवी जागा पाहिली आणि ती सगळी वनजमीन असेल असे गृहीत धरले. प्रत्यक्षात राई देवस्थानाच्या नावावर निघाली.

कोकणात हा गोंधळ जागोजागी आहे. एकाच गावातली एक राई वनविभागाची, दुसरी महसूल खात्याच्या नोंदीत शासनाची, तिसरी देवस्थानाची आणि चौथी चार घरांच्या सामाईक मालकीची, असे असू शकते. सिंधुदुर्गातली बरीच देवस्थाने कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत आणि कोल्हापुरातूनच तर आम्ही आदल्या दिवशी आलो होतो. मग नवा अर्ज लिहिला, ईमेलने पाठवला, फोन केला आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत राईत टेपसुद्धा उघडायचा नाही असे आम्ही दोघींनी ठरवले. उत्तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले.

अशा कामाला जाणाऱ्यांनी निघण्याच्या किमान दोन महिने आधी सातबारा उतारा काढून ठेवावा. तो महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतो, पण 'इतर हक्क' या रकान्यातल्या नोंदींचा अर्थ तलाठ्यांकडून प्रत्यक्ष समजून घेतलेला बरा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही पत्र द्यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचेच काम आहे. सर्व पत्रे मराठीत लिहावीत. आमचे पहिले पत्र इंग्रजीत होते आणि ते सरपंचांच्या टेबलावर तसेच पडून राहिले होते. मराठी पत्र त्यांनी आमच्यासमोर मोठ्याने वाचले आणि दोन प्रश्न विचारले.

तिसरा दिवस : बांबर्ड्याचा चिखल आणि संध्याकाळची बैठक

उत्तराची वाट पाहण्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून सकाळी दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे गेलो. तिथल्या राईत रानजायफळाची दलदल आहे. जायफळाच्या कुळातली, मायरिस्टिका मॅग्निफिका नावाची ही झाडे बारमाही पाण्याच्या चिखलात उभी असतात. खोडाच्या खालच्या भागातून मुळ्या फुटून चिखलात उतरतात आणि झाडाला टेकू देतात. याशिवाय चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली वाकडी मुळे दिसतात, त्यांतून झाड हवा घेते. अशा दलदली प्रामुख्याने केरळ आणि कर्नाटकात आढळतात. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई आहे आणि महाराष्ट्रात ही. इथले २.५९ हेक्टर क्षेत्रही जैवविविधता वारसा स्थळ आहे.

आम्ही आत शिरलो नाही. आमच्याबरोबर आलेल्या गावातल्या दादांनी काठावरच्या एका दगडावर उभे केले आणि तिथूनच पाहायला सांगितले, कारण पायाखाली कोवळी रोपे येतात. रानजायफळाचे बी वाळले की मरते; ते ओले असतानाच रुजावे लागते. म्हणून दलदल एकदा सुकली की पुढली पिढी संपली. दादा शास्त्रीय भाषेत बोलत नव्हते, पण कुठल्या झऱ्याचे पाणी कुठे अडवले तर कुठली झाडे वठतील हे त्यांनी बोट दाखवून सांगितले. माझ्या वहीतली त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद तीच आहे.

या भागात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती तिलारीच्या खोऱ्यात फिरत असतात, तेव्हा गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय आणि अंधार पडल्यावर रानात थांबू नये. दुसरी गोष्ट गोचिडांची. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. या तापाचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो आणि धोका साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घालावेत, विजार मोज्यात खोचावी, अंगाला लावायचे तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे, रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

संध्याकाळी आमच्या कामाच्या गावी, ग्रामदेवी सातेरीच्या देवळाच्या सभामंडपात मानकरी जमले. सरपंच होते, गुरव होते, पाच-सहा वयस्कर मंडळी होती आणि खांबाआड बसलेल्या चार बायका. मी काम समजावून सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वृद्ध मानकऱ्यांनी विचारले, "मागच्या खेपेक एक साहेब इले, पाना घेवन गेले, फोटो घेवन गेले. मगे तेंचो काय पत्तो नाय. तुमी परत येतलास काय?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्या साहेबांच्या जागी मी स्वतःही असू शकले असते; बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या ज्या गावांतून मी माहिती नेली, त्यांपैकी तीन गावांत मी अजून परत गेलेली नाही. हे मी तिथे सांगितले. पाच वर्षांनी मोजणीला यायचे आहेच, पण दरवर्षी एकदा येऊन काय आढळले ते याच मंडपात सांगेन, असा शब्द दिला. तो सरपंचांनी लिहून घेतला आणि त्याखाली माझी सही घेतली.

अटी ठरत गेल्या. राईत पायताण न्यायचे नाही, चामड्याचा पट्टा नको. पडलेली काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. गावाचे नाव छापायचे नाही, कारण नाव छापले की फिरायला येणाऱ्यांची रीघ लागते. औषधी म्हणून कोणती वनस्पती कशी वापरतात ते सांगतील, पण लिहायचे नाही. ही शेवटची अट खांबाआडून आली, एका आजींकडून. कोणीही तिला हरकत घेतली नाही.

मग सरपंच म्हणाले, "आमचो होकार आसा. पण देवाक इचारल्याशिवाय आमका हो म्हणूक येवचा नाय." कौल दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा ठरला.

चौथा दिवस : कौल

सकाळी सातला आम्ही नारळ, फुले आणि अगरबत्ती घेऊन देवळात हजर झालो. त्याआधी, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकींनी "पेज जेवल्याशिवाय राईत जाव नको गो" म्हणत उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा समोर ठेवला. देवळात जायचे म्हणून मी मासळीला नको म्हटले, तेव्हा त्यांनी निमूटपणे लोणच्याची फोड वाढली.

कौल मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. गुरवकाकांनी पाषाण धुतला, तांदळाचे दाणे ओले करून त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. गाऱ्हाणे सुरू झाले. पुण्याहून दोन लेकी आल्या आहेत, त्यांना राईतली झाडे मोजायची आहेत, त्यांच्या हातून काही चुकले तर सांभाळून घे, अशा अर्थाचे ते होते आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे एकसुरात "होय म्हाराजा!" म्हणत होते. आमच्या प्रकल्पाचा उद्देश मी आतापर्यंत अनेक अर्जांत लिहिला आहे. इतक्या थोड्या आणि नेमक्या शब्दांत मला तो कधी मांडता आला नव्हता.

प्रश्न तीन होते. राईत जाऊ द्यायचे का? थोड्याच वेळात उजवीकडचा दाणा पडला. उजवा कौल, म्हणजे होकार. झाडांना क्रमांकाच्या पत्र्याच्या पट्ट्या खिळ्याने ठोकू द्यायच्या का? डावा. तिसरा प्रश्न चौकोनाच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्याचा होता. सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते आणि राईतले जुने वारूळ नेमके त्या कोपऱ्यात येत होते. तिथे मोजणी चालेल का?

दाणे हलले नाहीत. गुरवकाकांनी पुन्हा गाऱ्हाणे घातले. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे. समईची वात एकदा सारावी लागली. बाहेर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा मोठा आवाज झाला आणि लांब गेला. दाणे तसेच चिकटलेले. अखेर गुरवकाका आमच्याकडे वळून म्हणाले, "देव बोलाक नाय. तो कोपरो सोडा."

नकार मिळाला नव्हता, म्हणून एखाद्याने तो होकार धरला असता. आमच्या कागदी व्यवहारात तर 'अमुक दिवसांत उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल' हे वाक्य सर्रास वापरले जाते. इथे मौनाला होकार मानले जात नाही, हे मी त्या सकाळी शिकले.

चौकोन पंधरा मीटर उत्तरेला सरकवला. याचा परिणाम आमच्या आकड्यांवर होणार आहे, कारण वारुळाभोवतीची झाडे राईतली सर्वांत जुनी आहेत आणि ती मोजणीतून सुटली. ती का सुटली हे निबंधात स्पष्ट लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मासिक पाळीत बायका राईत जात नाहीत आणि आम्हाला तसे आधीच विचारले गेले होते. विद्यार्थिनीची पाळी चौथ्याच दिवशी दुपारी आली. मी तिला काहीच सुचवले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हा नियम मला पटत नाही, पण त्यांच्या दारात उभे राहून खोटे बोलणेही पटत नाही." ती बाहेर राहिली आणि तिने पुढले दोन दिवस घरोघरी जाऊन आजी-काकींकडून झाडांची मालवणी नावे टिपली. मलाही तो नियम पटत नाही. तिचा निर्णय मात्र मला योग्य वाटला. मुलींना घेऊन जाणाऱ्या मार्गदर्शकांनी हे बोलणे निघण्यापूर्वीच करावे. मी ते केले नव्हते.

पाचवा दिवस : मोजणी

खिळे नाहीत, रंग नाही, मग झाड पाच वर्षांनी ओळखायचे कसे? तोडगा गुरवकाकांच्या मुलाने काढला. देवळाच्या पायरीचा कोपरा हा स्थिर बिंदू धरायचा आणि तिथून प्रत्येक झाडाची दिशा होकायंत्राने व अंतर टेपने घ्यायचे. वेळ दुप्पट लागला. पण पत्र्याच्या पट्ट्या गळून पडतात, खोड वाढले की सालीत रुततात. देवळाची पायरी जागची हलणार नाही. पुढच्या सर्व राईंमध्ये मी आता हीच पद्धत वापरणार आहे.

अनवाणी पायांनी राईत काम करणे मला सुरुवातीला अवघड गेले. पाला ओला होता आणि खाली माती इतकी भुसभुशीत, की पाऊल घोट्यापर्यंत आत जात होते. तासाभराने पायांना कुठे दगड आहे, कुठे ओल जास्त आहे ते कळू लागले. सुरंगी, रातांबा, भेर्ला माड, कडू कवठ, एका कडेला सीतेचा अशोक, आणि या सगळ्यांवरून मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल गेलेली. रानबिब्याला हात लावू नका, असे मुलाने दोनदा बजावले. त्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांच्या अभ्यासाचा पाया घातला, तेव्हापासून या झाडांच्या याद्या होत आल्या आहेत. मला मात्र त्या दिवशी यादीपेक्षा घेर महत्त्वाचे होते.

चौकोनाच्या मध्यावर एक सातवीण होती. बुंध्याला खोलगट खाचा होत्या, म्हणून टेप सरळ बसेना. मुलगा पलीकडून टेप धरून उभा, मी अलीकडून. ३ मीटर ८६ सेंटिमीटर. त्याने आकडा मोठ्याने दोनदा उच्चारला.

अडीचच्या सुमारास अवेळी पाऊस आला. डिसेंबरातला पाऊस गावाला नको होता, कारण आंब्याचा मोहोर नुकता डोकावू लागला होता. राईत मात्र पहिली दहा मिनिटे थेंबही खाली पोहोचला नाही, नुसता वर आवाज होत राहिला. मोजणीची पाने प्लास्टिकच्या पिशवीत नव्हती आणि शेवटची सात झाडे पाऊस थांबल्यावर पुन्हा मोजावी लागली. तेव्हा कोरडा महिना असला तरी वॉटरप्रूफ वही आणि पेन्सिल बरोबर असावी, शाई पसरते.

रात्री शेजारच्या गावी जत्रा होती. खाज्याच्या पुड्या घेऊन आम्ही दशावताराला बसलो. लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगात आले की लांबत जातात. पहाटे तीनपर्यंत बसलो होतो आणि मागे वळून पाहिले तर गुरवकाका, सरपंच, खांबाआडच्या आजी, सगळे तिथेच होते. आजींनी विद्यार्थिनीला आपल्या चादरीत ओढून घेतले.

सहावा दिवस : एक नकार, एक वही

दुसऱ्या राईचे गाव बारा किलोमीटरवर होते. तिथल्या मानकऱ्यांनी चहा दिला, पत्र वाचले, आपापसांत बोलले आणि नाही म्हणाले. राईच्या हद्दीवरून दोन वाड्यांत वाद चालू आहे. अशा वेळी बाहेरचा माणूस टेप घेऊन आत शिरला तर हद्दच मोजायला आला असे वाटेल. कारण इतके सयुक्तिक होते, की आम्ही आग्रह केला नाही. अशा नकाराची जागा वेळापत्रकात आधीच ठेवावी. तीन राया ठरवून जाणाऱ्याने एका राईची तयारी ठेवली तर कुणावर दडपण आणण्याची वेळ येत नाही.

परत फिरून पहिल्या गावी गेलो. रात्री जागून विद्यार्थिनीने सर्व मोजणी मराठीत स्वच्छ उतरवली होती. प्रत्येक झाडाचे मालवणी नाव, पायरीपासूनचे अंतर, घेर. औषधी उपयोगाचा रकाना तिने आखलाच नव्हता. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, एक गुरवकाकांच्या हातात. देवळात कौलांची नोंद ठेवायची एक जाड वही आहे. काकांनी ती काढली, आमच्या कौलाची नोंद असलेले पान उघडले आणि आमची पाने चष्मा वर सरकवून वाचत राहिले.

"सातवीण किती भरली?" त्यांनी विचारले. आकडा त्यांच्या हातातल्या कागदावर होताच, तरी मी सांगितला. त्यांनी तो कौलाखाली, तारीख घालून, स्वतःच्या अक्षरात लिहिला. मग शेजारी एक ओळ मोकळी सोडली.